लिलावाआधीच घर हातचे जाते

महोदय,

थकलेल्या गृहकर्जासाठी बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची मागणी नोटीस देते, मग ताबा घेते आणि लिलाव पुकारते. बोली लागेपर्यंत सगळी थकबाकी भरली की घर सुटेल, असे कर्जदार धरून चालतो. पूर्वी ते खरेही होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर मात्र लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की घर सोडवण्याचा हक्क संपतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. सोने मोडून, भावाबहिणींकडून उसने घेऊन पैसे जमवणाऱ्या कुटुंबाला हे कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. फार वाईट वाटते. कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागायलाही ४५ दिवसच मिळतात.

बोली लावणाऱ्यांनीही जपावे. घर आहे त्या स्थितीत विकण्याच्या ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीत आधीच्या मालकाची सोसायटीची थकबाकीही येऊ शकते. बोली जिंकली की तिच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते.

हक्क कधी संपतो, हे पहिल्याच मागणी नोटिशीवर सोप्या मराठीत, ठळक अक्षरांत छापणे बँकांना सक्तीचे करावे, ही रिझर्व्ह बँकेला विनंती.

– एक वाचक, ठाणे