गाडीत गॅस (म्हणजे पेट्रोल) स्वतः भरण्याची मुभा आहे, सक्ती नाही : गॅस स्टेशन चालवणाऱ्या कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मा. संचालक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बीव्हर्टन, ओरेगॉन (अमेरिका) येथील आपल्या गॅस स्टेशनवर अटेंडंटचे, म्हणजे गॅस भरून देणाऱ्या कर्मचाऱ्याचे, पंप बंद ठेवून ग्राहकाला स्वतः गॅस भरायला लावल्याबद्दल तक्रार

स.न.वि.वि.

आपल्या कंपनीचे मालक मराठी आहेत असं काउंटरवरच्या मुलाकडून कळलं, म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत फोनवर दोनदा बोलून झालं. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं, "कायदा बदलला आहे, आता सगळे स्वतःच भरतात." हे उत्तर चुकीचं आहे. घडलेला प्रकार आधी सांगते.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास मी आपल्या स्टेशनवर आले. दिवसभर पाऊस होता, अंधार पडला होता. अटेंडंटच्या चारही पंपांपुढे वाट अडवायचे नारिंगी कोन लावलेले होते. उघडे होते ते फक्त सेल्फ-सर्व्हिसचे, म्हणजे ग्राहकाने स्वतः भरायचे पंप. मला बारा वर्षांपासून संधिवात आहे, दोन्ही हातांची बोटं वाकलेली आहेत. गाडीच्या आरशाला अपंगत्वाचा निळा फलक टांगलेला असतो. मी हॉर्न वाजवला, थांबले, पुन्हा वाजवला. दुकानात दोन कर्मचारी होते, काचेतून मला दोघंही दिसत होते. त्यातला एक दारापर्यंत आला आणि तिथूनच ओरडून म्हणाला, "स्वतः भरा, सोपं आहे."

१९९४ पासून मी ओरेगॉनमध्ये राहते. एवढ्या वर्षांत इथे कधी नोझल हातात धरलं नव्हतं, कारण २०२३ पर्यंत कायद्याने धरताच येत नव्हतं. तरी टाकी जवळजवळ रिकामी होती, म्हणून उतरले. कार्ड घातलं, पडद्यावरचे प्रश्न चष्म्यावरच्या पावसातून कसेबसे वाचले. तुमच्या नोझलवर खटका अडकवून ठेवायची पट्टी काढून टाकलेली आहे. म्हणजे टाकी भरेपर्यंत खटका हाताने दाबून धरावा लागतो. धडधाकट माणसाला यात काही वाटणार नाही. मला अर्ध्या मिनिटात हात बदलावा लागला, आणि बदलताना नोझल निसटलं. गॅस माझ्या बाहीवर आणि बुटांवर सांडला.

बोटं गारठली म्हणून मधे गाडीत जाऊन बसले, हात चोळले आणि पुन्हा उतरून नोझल धरायला निघाले. शेजारच्या पंपावरच्या बाईंनी मला थांबवलं. भरताना गाडीत बसून परत उतरलं की कपडे सीटवर घासून अंगावर स्थिर वीज साठून ठिणगी पडू शकते, नोझलला हात लावण्याआधी गाडीच्या धातूला दूर कुठेतरी हात लावायचा असतो, हे त्यांनी मला सांगितलं. माझ्या बाहीला गॅस लागलेला होता. त्या बाई तिथे नसत्या तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. पंपावर सूचनेचा स्टिकर आहे, पण तो गुडघ्याच्या उंचीवर आणि अर्धा फाटलेला.

तीन गॅलन भरून मी घरी गेले. बूट दोन दिवस अंगणात ठेवले, तरी वास गेला नाही.

आता कायद्याबद्दल. ओरेगॉनमध्ये गाडीवाल्याने स्वतः गॅस भरायला १९५१ साली बंदी आली. १९८२ मध्ये ती उठवण्याचा प्रस्ताव मतदानाला आला होता, तो लोकांनी नाकारला. नंतर तुरळक वस्तीच्या ग्रामीण काउंट्यांना (म्हणजे इथल्या जिल्ह्यांना) टप्प्याटप्प्याने सूट मिळाली. ४ ऑगस्ट २०२३ रोजी गव्हर्नर टीना कोटेक यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि सगळ्या राज्यात सेल्फ-सर्व्हिस सुरू झाली. आता असा बंदीचा कायदा फक्त न्यू जर्सीत उरला आहे, तो १९४९ चा.

पण २०२३ च्या कायद्यातली पुढची ओळ आपल्या फोनवरच्या माणसाला कुणी दाखवलेली दिसत नाही. आपलं स्टेशन वॉशिंग्टन काउंटीत आहे. दाट वस्तीच्या सोळा काउंट्यांमध्ये ती मोडते. इथे निम्म्याहून जास्त पंप सेल्फ-सर्व्हिससाठी ठेवता येत नाहीत, उरलेल्या पंपांवर भरून द्यायला माणूस असावाच लागतो, आणि दोन्हीकडे दर एकच घ्यावा लागतो. म्हणजे त्या संध्याकाळी मी जे पैसे दिले, त्यात अटेंडंटच्या सेवेचेही पैसे होते. ती सेवा मला मिळाली नाही. कोन लावून पंप बंद केले की ते पंप "ठेवले" असं होत नाही.

शिवाय अपंगांच्या हक्कांचा देशभर लागू असलेला कायदा आहे. सेल्फ-सर्व्हिसच्या स्टेशनवर अपंग ग्राहकाने मदत मागितली तर जादा पैसे न घेता गॅस भरून द्यायचा असतो, आणि मदत कशी मागायची, हॉर्न वाजवून की आणखी कसं, तेही ग्राहकाला कळेल असं सांगायचं असतं. एकटाच कर्मचारी कामावर असेल तर सवलत आहे. तुमच्याकडे दोघं होते.

मी सेल्फ-सर्व्हिसच्या विरोधात नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. माझा मुलगा गाडीतून उतरतो, तीन मिनिटांत भरतो आणि निघतो, त्याला कुणाची वाट बघत बसायला आवडत नाही. त्याला ती मोकळीक मिळाली याचा मला आनंद आहे. जुन्या कायद्यात बंदीची सतरा कारणं लिहिलेली होती, ती मी या निमित्ताने सगळी वाचली. काही आज तितकी पटत नाहीत. टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं, उरलेल्या देशात लोक कित्येक दशकं स्वतः भरत आले आहेत. पण त्याच यादीत इथल्या पावसाने जमीन निसरडी होते असंही आहे, आणि वयस्कर व अपंग माणसांना उतरून भरणं जमत नाही असंही आहे. पाऊस तेवढाच पडतो आहे आणि माझी बोटं काही सरळ झालेली नाहीत. म्हणून तर निम्मे पंप राखून ठेवले गेले. ज्याला भरायचं आहे त्याने खुशाल भरावं. ज्याला जमत नाही त्याच्यावर ते लादू नये, इतकंच माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या फोनवर "माणसं मिळत नाहीत" असंही सांगितलं गेलं. आपल्याच स्टेशनवर एक वयस्कर अटेंडंट होते, त्यांच्याविषयी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझी गाडी वळताना दिसली की ते हात करायचे. डाव्या मागच्या चाकात हवा कमी आहे हे त्यांनी नुसतं बघून सांगितलं होतं, आणि चाकात खरंच खिळा निघाला. माझे यजमान गेले त्या वर्षी आठवडाभरात माझ्याशी कामापलीकडे दोन शब्द बोलणारी जी मोजकी माणसं होती, त्यांत ते एक होते. गेल्या उन्हाळ्यात त्यांचे तास कमी होत गेले आणि मग ते दिसेनासे झाले, असं काउंटरवरच्याच मुलाने सांगितलं. माणसं मिळत नाहीत असं म्हणताना निदान या माणसाला आठवावं.

माझ्या मागण्या अशा. स्टेशन उघडं असेल तितका वेळ अटेंडंटचे पंप खरोखर चालू ठेवावेत. संध्याकाळी ते बंद ठेवण्याची सूचना कुणी दिली याचा मला लेखी खुलासा हवा. हॉर्न वाजवल्यावर बाहेर यायचं असतं हे प्रत्येक कर्मचाऱ्याला शिकवावं आणि मदत मागायची खूण पंपावर डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत लावावी. स्थिर विजेची सूचनाही तशीच. सेल्फ-सर्व्हिसच्या नोझलवरची पट्टी का काढली तेही कळवावं. सुरक्षेचं कारण असेल तर मी ते मान्य करीन, पण मग ज्यांच्या हातात जोर नाही त्यांच्यासाठी अटेंडंट आणखीच गरजेचा ठरतो. बुटांचे किंवा गॅसचे पैसे मला परत नकोत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हीच हकीकत मी राज्याच्या फायर मार्शल (अग्निसुरक्षा) कार्यालयाकडे पाठवणार आहे. सोबत त्या संध्याकाळची पावती आणि कोन लावलेल्या पंपांचा फोटो जोडला आहे.

कळावे,
आपली,
बीव्हर्टनमधील एक जुनी ग्राहक