पिसे आधी, उड्डाण नंतर

महोदय,
'उडता यावे म्हणून पिसे आली' हे विधान अजूनही वारंवार वाचायला मिळते. ते थांबायला हवे. चीनच्या लिआओनिंग प्रांतातून १९९६ मध्ये जगापुढे आलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या छोट्या डायनोसॉरच्या अंगावर केसांसारखे साधे तंतू होते. त्यांच्या जोरावर उडणे अशक्यच. अंगातली ऊब मात्र टिकत असणार. लहान शरीरातून उष्णता झपाट्याने निघून जाते, म्हणून मला हेच कारण सर्वाधिक पटते. (अर्थात, तिथलाच युटिरॅनस हा डायनोसॉर सुमारे नऊ मीटर लांब होता आणि त्याच्याही अंगावर असे तंतू होते!)

रंगांकडेही दुर्लक्ष करू नये. जीवाश्मातल्या रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांवरून सायनोसॉरॉप्टेरिक्सची शेपटी तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची होती, असे संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. कॉडिप्टेरिक्स या आणखी एका डायनोसॉरचे हात उडण्यासाठी फारच आखूड होते, तरी त्याच्या शेपटीच्या टोकाला पिसांचा पंखा होता. तो जोडीदाराला दिसावा म्हणूनच असावा. उत्क्रांती पुढचा बेत आखून काही घडवत नाही. हाताशी असलेल्या पिसांचा उड्डाणासाठी उपयोग पुढे झाला. मुलांच्या पुस्तकांत हा क्रम तरी बरोबर छापावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक