टीएतल्या नोकरदारांची बढती अडू नये

मा. संपादक,
स. न.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रादेशिक सेनेला, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून लष्करी सेवा देणाऱ्यांच्या आपल्या टीएला, बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. ३२ पैकी १४ पायदळ बटालियन तैनात करायला मंजुरी मिळाली. त्या दिवसांत या जवानांचे सगळीकडे कौतुक झाले. एरवी ते ज्या कचेरीत किंवा कारखान्यात राबतात तिथे त्यांचे काय होते, याची मात्र कोणी विचारपूस करत नाही.

आमच्या कोल्हापुरात मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०९ टीए बटालियन आहे, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला परका नाही. टीएत असलेला माझा पुतण्या एका खासगी कारखान्यात सुपरवायझर आहे. टीएच्या वार्षिक प्रशिक्षण कॅम्पहून परतला की त्याची जागा शाबूत असते, पण नवी उत्पादन लाइन दुसऱ्याकडे गेलेली असते आणि अप्रेझलमध्ये 'उपस्थिती कमी' असा शेरा पडतो. पगारवाढीच्या यादीत नाव खाली जायला तेवढे पुरते.

१९४८च्या प्रादेशिक सेना कायद्यातील कलम ७-ए नुसार, सेवेसाठी बोलावलेल्या कर्मचाऱ्याला परतल्यावर, नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी मिळाल्या असत्या त्यांपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर घेणे मालकावर बंधनकारक आहे. मालकाने नकार दिल्यावर निघालेला आदेशही त्याने मोडल्यास दंड किती? फार तर एक हजार रुपये, शिवाय सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम. दंडाचा आकडा वाढवायलाच हवा. पण खरी उणीव वेगळी आहे. प्रत्यक्षात या कलमाने नोकरी वाचते, बढती वाचत नाही.

बढती वाचवण्याची सुरुवात राज्य सरकारने स्वतःच्या घरापासून करावी. कार्यमूल्यमापन अहवालात टीएचा काळ गैरहजेरी न धरता कर्तव्यकाळ धरावा. कॅम्पमुळे विभागीय परीक्षा हुकली तर ती पुन्हा देता यावी आणि उत्तीर्ण झाल्यावर ज्येष्ठता मूळ तारखेपासून मिळावी. तुकडी सांभाळणे, वाहतूक, दळणवळण, प्रथमोपचार हे तिथे शिकलेले सेवापुस्तकात प्रशिक्षण म्हणून नोंदवावे. आपत्ती व्यवस्थापन विभागाने तर अशी माणसे शोधून घ्यावीत. २०१९ आणि २०२१चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीकरांना त्याचे कारण सांगायला नको.

खासगी कारखान्यांची अडचणही मला कळते. ऐन हंगामात माणूस गेला की शिफ्ट कोलमडते. म्हणून कॅम्पच्या तारखा मालकाला लेखी आणि पुरेशा आधी कळाव्यात, आणि बदली कामगाराच्या खर्चाचा काही वाटा सरकारने उचलावा. जिल्ह्याचे पालकमंत्री, बटालियनचे अधिकारी आणि उद्योजक संघटना यांची एक बैठक घेऊन याची सुरुवात कोल्हापुरातच करता येईल.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर