खांद्याचे टाके छोटे, पण काख विसरू नका

संपादक महोदय,

दुर्बिणीतून खांद्याची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी जाताना त्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते, पण काख कशी पुसायची हे कुठेच नसते. रुग्णालयांनी ते मराठीत छापून द्यावे.

छिद्रे लहान असल्याने जंतुसंसर्ग क्वचितच होतो. झालाच, तर वारंवार सापडतो तो क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. हा जंतू केसांच्या मुळाशी, तैलग्रंथींत राहतो, त्यामुळे वरवरच्या जंतुनाशकाने पुरता मरत नाही. शिवाय तो इतका सावकाश वाढतो की ताप नाही, पू नाही, नुसता खांदा ठणकत राहतो. कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) 14 दिवसांपर्यंत ठेवले नाही तर तो निसटतो. म्हणूनच काही सर्जन शस्त्रक्रियेआधीचे दोन-तीन दिवस खांद्याला आणि काखेत 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे मुरमांचेच जेल, लावायला सांगतात. (जुना सदरा घाला, रंग उडतो.) घरून वस्तरा फिरवून येऊ नये, त्वचेवर बारीक जखमा होतात. खांद्यात महिन्याभरात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर ते सांगायलाच हवे. प्रतिजैविकाचा कामाचा डोस छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरातला. नंतर आठवडाभर गोळ्या देण्याची आपल्याकडची सवय बहुतेकांच्या बाबतीत निरुपयोगी आहे.

पहिले एक-दोन दिवस पट्टी गुलाबी पाण्याने भिजते. ते सांध्यात सोडलेले सलाइन असते, घाबरू नये, पट्टी बदलून घ्यावी. झोळीत अडकलेली काख मात्र घामाने चिघळते. चांगल्या हाताने टेबल धरून कमरेतून पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या, ओल्या फडक्याने काख पुसा, मग कोरडी करा. हात स्वतःहून उचलायचा नाही.

रक्ताची गुठळीही दुर्मीळच, त्यामुळे सरसकट हेपॅरिन (गुठळी रोखणारे इंजेक्शन) लागत नाही. पूर्वी गुठळी झालेली असेल, कर्करोग असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सर्जनला आधी कळवावे. आडवे झोपवत नाही म्हणून लोक रात्र-रात्र खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसतात, ते टाळावे. पाय उंचावर ठेवा, जागे असताना दर तासाला घोटे दहा-वीस वेळा वर-खाली करा, त्याच संध्याकाळपासून घरात चाला. बोटांना थोडी सूज येतेच. पण एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अख्खा हात ताठरून निळसर झाला, तर तेल चोळू नका, थेट डॉक्टर गाठा. मानेतून भूल दिली असेल तर पहिल्या दिवशी श्वास थोडा अपुरा वाटू शकतो, त्या बाजूचा श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा स्नायू, तात्पुरता सुस्तावतो. तो त्रास वाढत गेला, किंवा नंतर कधीही अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर 108 ला फोन करावा.

— एक अस्थिरोगतज्ज्ञ, पुणे