उसने शब्द

नाशिक, रविवार दुपार

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, चर्चमध्ये गाताना तोंड हलतं, आत काही हलत नाही. हे ढोंगच ना? त्यापेक्षा जातच नाही." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज उपासनेहून आले, डाळ शिजत ठेवली आणि लिहायला बसले.

ढोंग करणाऱ्याला आपल्या कोरडेपणाचं वाईट वाटत नाही रे. तुला वाटतंय.

पप्पा गेले त्या वर्षी माझंही हेच झालं होतं. तुला कधी बोलले नाही. सकाळी बायबल उघडायचे, ओळींवरून नुसती नजर फिरायची. प्रार्थनेला डोळे मिटले की दवाखान्याची बिलं दिसायची. देवळात शेवटच्या बाकावर बसायचे, कुणी काही विचारू नये म्हणून. एका रविवारी पाळकसाहेबांनी पापकबुलीची प्रार्थना सुरू केली आणि मंडळीच्या आवाजात माझा आवाज कधी मिसळला, कळलंच नाही. शब्द पुस्तकातले होते, माझे नव्हते. पण माझ्याजवळ त्या दिवशी दुसरे होते कुठे? पुढचे कित्येक महिने मी त्या उसन्या शब्दांवरच काढले.

आपल्या नाशिकच्या शरणपूरचंच बघ. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनने इथे ठेवून शिकवली. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा जेकबसह त्यांच्या सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं आणि जेकबने दफनविधीची प्रार्थना वाचली. लहानपणीच घरादारापासून तोडलेला तो पोर. त्या घडीला त्याच्या मनात काय होतं, देव जाणे. त्याने पुस्तक उघडलं आणि वाचलं. ती उपासना खोटी होती असं मला तरी म्हणवत नाही.

तुमच्याकडच्या मोठ्या चर्चमध्ये गिटार, ड्रम, सगळे हात वर करून गातात, म्हणालास. ज्यांचं मन भरून आलंय त्यांनी जरूर तसं गावं. तू सध्या एखादी लहानशी मराठी मंडळी शोध, जिथे गप्प बसलास तरी चालेल.

आणि झोप घे. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा. रात्रपाळी उरकून तसाच सकाळी उपासनेला बसलास तर डोळ्यांवर झापड येणारच, त्याला अविश्वास समजू नकोस. संध्याकाळची उपासना असेल तर तिला जा. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मात्र चुकवू नकोस. तिथे तुला काही सुचावं लागत नाही, नुसते हात पुढे करायचे.

चिवड्याच्या डब्याबरोबर पप्पांचं उपासनेचं पुस्तक पाठवतेय. पुठ्ठा सुटलाय, जपून उघड. पापकबुलीच्या पानात त्यांनी घातलेली लाल दोऱ्याची खूण आहे, ती तिथेच राहू दे.

तुझी,
आई