देवाच्या ठाण्याची वाट वळवायची आहे, मिरगाच्या आत हातभार लावा

जय सेवा! समस्त सगाजन, कोलामपोडातले (कोलाम वस्तीतले) भाऊबंद आणि सहस्रकुंड धबधबा पाहून आपल्या टेकडीवर चढणारे पाहुणे, सर्वांना समितीची विनंती.

आपल्या पेनठाण्याला, म्हणजे गोंडी देवाच्या जागेला, कळस नाही, भिंत नाही. जुने मोह आणि त्यांच्याखाली झाडून ठेवलेली जागा, एवढंच. म्हणून परक्याला ती तंबू ठोकायला सोयीची, सावलीची जागा दिसते. मोहाच्या मुळ्या वरच्या थरात पसरतात. बुंध्याशी शेकोटी पेटली की साल करपते आणि झाडाची ती बाजू वाळत जाते. मोटारसायकलींनी चढावर चाकोऱ्या पाडल्यात, त्यांतून पावसाचा लोंढा मुरूम घेऊन थेट ठाण्यात उतरतो.

आजवर जे झालं ते आपल्या माणसांनीच केलं. झऱ्याची दगडी रचाई आश्रमशाळेच्या लेकरांनी केली. त्यातला एक दगड अजून हललेला नाही. ट्रॅक्टरवाल्या दादांनी डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. बचत गटाच्या बायांनी पहाटे उठून वेचलेल्या मोहफुलांचे पैसे समितीच्या हातात ठेवले. त्या पैशाचं मोल आम्ही जाणतो. पूस (पौष) महिन्याच्या पूजेला किंगरी हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या परधान मंडळींनी बिदागी ठाण्यालाच सोडली. आणि गेल्या उन्हाळ्यात हेच आवाहन केलं, तेव्हा टेकडीचे फोटो शेकड्यांनी फिरले, पण फावडं धरायला बाहेरचं कुणी आलं नाही. याचं वाईट वाटलं.

फिरायला येऊ नका, असं आमचं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियात अनांगू या मूळनिवासी लोकांच्या उलुरू या पवित्र खडकावर चढणं 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद आहे, तरी खालून फिरून पाहता येतंच. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 नं असा वारसा राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ग्रामसभेनं ठरवलंय ते इतकंच: वाट ठाण्याच्या खालून न्यायची, तंबू ओढ्यापलीकडच्या माळावर, आणि पूजेच्या दिवसांत टेकडी बंद.

नव्या वाटेवर 22 आडबांध (वाटेवरचं पाणी बाजूला काढणाऱ्या दगडी ओळी) घालायचे आहेत. दगड हातभर उंचीचा, दोन हिस्से जमिनीत, एक वर. बांध वाटेला काटकोनात घातला तर मागे गाळ भरतो आणि पाणी वरून उडी मारून खालची माती खणतं. म्हणून उताराकडे तिरपाच घालायचा आणि पाणी बाहेर पडायचं तोंड मोकळं ठेवायचं. उभ्या चढावर दर 10 मीटरला एक. पायथ्याशी लोखंडी खांब पुढेमागे रोवायचे, म्हणजे माणूस वळून जाईल, गाडी वळणार नाही. खांब कमरेइतकेच, उंच झाले तर डोक्यावर मोळी घेतलेली बाई अडकेल.

खर्च: खांब-सिमेंट 18,000, दगडवाहतूक 24,000, मजुरी 27,000, फलक 9,000, एकूण 78,000 रुपये. जमा 31,000, कमी 47,000. रोख पावतीवरच द्यावी, कटोडा (पुजारी) किंवा गावच्या पटेलांकडे. ऑनलाइनचा कोड पंचायतीच्या फलकावर आहे. मे महिन्यात दर रविवारी सकाळी 6 ला पायथ्याशी. पहार, टिकाव, घमेलं, पाण्याची बाटली आणावी, जेवण समितीकडे. चपला ठाण्याच्या आधीच्या सागापाशी काढाव्यात. आत फोटो नाही.

– सचिव, समितीच्या वतीने