सुई बाटलीकडे नको, बाटली सुईकडे न्या

मा. संपादक,

नमस्कार. तसा मी पेपरला पत्रबित्र लिहिणाऱ्यातला नाही, पण मागच्या महिन्यात जे बघितलं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय.

मुलांच्या घसरगुंडीखाली वाळूत एक इंजेक्शन पडलेलं दिसलं, सुईसकट. नारिंगी टोपण वीतभर अंतरावर पडलेलं. लगेच सगळे गोळा झाले, कोणी म्हणतंय नशेडी असतील, कोणी फोटो काढतंय, आणि तेवढ्यात एक काका पुढे आले, अगदी चांगल्या मनाचा माणूस, त्यांनी ते सरळ हाताने उचललं आणि डाव्या हातात टोपण धरून सुईवर बसवायला लागले. वय झालेलं, हात थरथरतोय, टोक टोपणाच्या कडेवरून घसरतंय, की परत प्रयत्न. मी अक्षरशः ओरडलो. काका रागावले माझ्यावर, कारण त्यांच्या हिशोबाने ते सेफच करत होते ना. पण टोपण परत लावतानाच तर सुई बोटात घुसते, म्हणून दवाखान्यात नर्सेसनाही हेच शिकवतात की वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, ती वाकवायची नाही, मोडायची नाही.

मग करायचं काय? मी घरून लिक्विड डिटर्जंटची रिकामी बाटली आणली, ती जाड प्लॅस्टिकची, झाकण पेच असलेलं. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार जाते, आणि काचेची तर नकोच. मुलांना आधी लांब केलं. बाटली सुईच्या शेजारी जमिनीवर ठेवली, आणि इथेच बहुतेक जण चुकतात, एका हातात बाटली धरतात आणि दुसऱ्या हाताने सुई आत सोडतात, नेम चुकला की बाटलीच्या हाताला टोचली. बाटली जमिनीवर, दुसरा हात लांब. चिमट्याने सिरिंज मधोमध धरायची, टोक आपल्यापासून लांब, आणि टोकाच्या बाजूने आत सोडायची, झाकण घट्ट, मग साबणाने हात. (तो चिमटा स्वयंपाकघरातला होता, तो आता परत तिकडे जाणार नाही हे घरी आधीच सांगून टाकलंय.) हातमोजे असतील तर घाला पण सुई त्यातून सहज जाते, त्यामुळे त्यांच्या भरवशावर बोटं पुढे करू नका. आणि उचलायची हिंमत होत नसेल तर हरकत नाही, कोणीतरी तिथे उभं राहा आणि नगरपालिका, पंचायत जे काही असेल तिथे कळवा. पायाने गटारात ढकलणं किंवा वर दगड ठेवणं म्हणजे ती पुढच्या माणसासाठी लपवून ठेवणं.

टोचलीच तर घाबरून बोट तोंडात घालू नका, दाबून रक्त काढत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण दवाखान्यात काम करणाऱ्याला बाधित पेशंटची सुई टोचली तरी तो होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात ३ असते. तो टाळायच्या गोळ्या २८ दिवसांच्या असतात आणि ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, त्यामुळे 'बघू दोन दिवस' हे चालत नाही. खरी भीती हिपॅटायटीस बी ची, तो विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो, मात्र त्याची लस आहे, ती झालीय का आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय हे डॉक्टर विचारतीलच.

आणि एक सांगतो, नशेडी नशेडी करणं सोपं आहे. माझ्या घरात आईला रोज इन्सुलिन, पेनची सुई ४ मिलिमीटरची, इवलीशी, आणि आम्ही कित्येक महिने ती ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकत होतो. कचरा उचलणाऱ्या ताईंनी एकदा पिशवी उचलली आणि 'आई गं' म्हणून हात झटकला, बोटावर टिपूस रक्त, त्यांनी ते पदराला पुसलं आणि पुढच्या दाराशी गेल्या. ती सुई आमचीच होती का माहीत नाही, पण असू शकते ना. त्या दिवसापासून आमच्याकडे पण बाटली. पाऊण भरली की बंद, वरून चिकटपट्टी, मार्करने मोठ्ठं 'सुया आहेत, उघडू नका'. सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, कारण तिथे माणसं हाताने निवडतात.

आता माझा प्रश्न असा की ही भरलेली बाटली द्यायची कुठे? काही ठिकाणी दवाखाने घेतात, काही ठिकाणी औषधाची दुकानं, कुठे गोळा करायचे वेगळे डबे असतात, गावागणिक वेगळं. मी तीन ठिकाणी विचारलं, प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा प्रशासनाने कुठे द्यायचं ते एकदा स्पष्ट जाहीर करावं आणि तुम्ही ते पहिल्या पानावर छापावं, एवढी विनंती. तोपर्यंत आमची बाटली माळ्यावर आहे, पोरांचा हात पोचणार नाही अशी, आणि दुसरी भरत आलीय.

आपला,
एक वाचक